‘शून्य डिपॉझिट, सोपे हप्ते’ : गाडीच्या विम्याचं गणित वर्गात कसं शिकवाल?



दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. जीएसटी, शेअर्स, एसआयपी हे सगळं आपण त्यात शिकवतो. मुलं गणितं बरोबर सोडवतात, मार्कही मिळवतात. पण त्याच मुलाच्या घरी गाडीच्या विम्याची मुदत संपत आली की मोबाईलवर जाहिरात येते, ‘आत्ता काहीच भरू नका, सोप्या मासिक हप्त्यांत विमा घ्या’. अशा वेळी खरं-खोटं तपासायचं कसं, हे ना मुलाला सांगता येतं ना वडिलांना. पुस्तकातलं गणित आणि घरातलं गणित यांची गाठच पडत नाही.

आजचा पाठ ही गाठ घालून देण्यासाठी आहे. एका तासिकेत होतो, फळा-खडू पुरतो. शिक्षक नसलेल्या पालकांनीही तो मुलांसोबत घरी बसून करावा.

पाठाची उद्दिष्टे

१. विम्याचे पैसे आधीच का भरावे लागतात, हे समजणे.
२. ‘हप्ता’ आणि ‘कर्ज’ यांतला फरक ओळखणे.
३. हप्त्यांत भरल्यास एकूण किती जास्त जातात, ते काढता येणे.
४. प्रीमियम कमी करण्याच्या सुरक्षित आणि धोक्याच्या वाटा वेगळ्या करता येणे.

एक शब्द, दोन अर्थ

सुरुवात भाषेपासून करा. आपण ‘विम्याचा हप्ता’ म्हणतो आणि ‘फ्रिजचा हप्ता’ही म्हणतो. शब्द एकच, पण अर्थ वेगळे. फ्रिजचा हप्ता म्हणजे घेतलेल्या वस्तूची उरलेली किंमत थोडी थोडी फेडणं. विम्याचा हप्ता म्हणजे प्रीमियम, पुढच्या काळातली जोखीम कंपनीने अंगावर घ्यावी म्हणून दिलेली किंमत.

हा फरक साधा वाटतो, पण घोळ इथेच होतो. फ्रिजचे हप्ते थकले तर दुकानदार फ्रिज उचलून नेऊ शकतो. विमा उचलून नेता येत नाही. एकदा अपघात घडला की कंपनीची जबाबदारी तयार झालेलीच असते. म्हणून विम्याच्या धंद्यात ‘आधी माल, मग पैसे’ चालत नाही. या पाठात गोंधळ नको म्हणून आपण विम्याच्या किमतीला ‘प्रीमियम’ म्हणू आणि महिन्याच्या फेडीला ‘हप्ता’.

पैसे आधी का? कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे विमा कायदा १९३८ चा आहे. त्यातलं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम मिळाल्याशिवाय, किंवा ठरवून दिलेल्या रीतीने त्याची हमी अथवा आगाऊ ठेव मिळाल्याशिवाय, कंपनीने जोखीम स्वीकारायची नाही. म्हणजे सामान्य गाडीमालकासाठी ‘आज विमा, पुढच्या महिन्यापासून पैसे’ अशी सोय विमा कंपनी स्वतःहून देऊ शकत नाही. कोणी देत असेल, तर मधे दुसरं कोणीतरी तुमच्या वतीने पूर्ण रक्कम भरतं आणि ती तुमच्याकडून वसूल करतं. ते ‘दुसरं कोणीतरी’ म्हणजे बँक, क्रेडिट कार्ड किंवा फायनान्स कंपनी. आणि त्या व्यवहाराचं सरळ नाव आहे कर्ज.

हा नियम किती घट्ट आहे, ते एका घटनेवरून सांगता येईल. कोरोनाच्या टाळेबंदीत, २५ मार्च ते ३ मे २०२० या काळात ज्यांचा थर्ड पार्टी विमा संपत होता, त्यांना १५ मे २०२० पर्यंत पैसे भरण्याची मुभा मिळाली. त्यासाठी केंद्र सरकारला खास अधिसूचना काढावी लागली.

चेकने भरणाऱ्यांसाठीही एक गोष्ट महत्त्वाची. प्रीमियमचा चेक वटला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई द्यायला कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचं संरक्षण मात्र न्यायालयाने जपलं. २०१२ च्या निकालानुसार, कंपनीने पॉलिसी रद्द करून अपघातापूर्वी मालकाला तसं कळवलं नसेल, तर त्या जखमी माणसाला भरपाई द्यावी लागते. पण आपली गाडी, आपलं नुकसान, ते आपल्याच डोक्यावर.

आणखी एक पद्धत गावोगाव दिसते. ओळखीचा एजंट म्हणतो, “दादा, मी भरून टाकतो, तुम्ही मला महिन्याला द्या.” एजंटने गोळा केलेला प्रीमियम, सुट्ट्या सोडून, २४ तासांच्या आत पूर्ण कंपनीकडे जमा करावा, असं हेच कलम सांगतं. तेव्हा ओळख कितीही जुनी असो, पॉलिसी त्याच दिवशी हातात घ्या आणि एम-परिवहन ॲपवर गाडीच्या नोंदीत विम्याची नवी तारीख आली का, ते पुढच्या काही दिवसांत बघा. ती दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

मग परदेशात ‘नो डिपॉझिट’ कसं चालतं?

मुलं हा प्रश्न विचारणारच, कारण अशा बऱ्याच जाहिराती आणि व्हिडिओ ब्रिटन-अमेरिकेचे असतात. कुणाची ताई किंवा दादा तिकडे शिकायला गेलेला असतो, त्यालाही हा प्रश्न पडलेला असतो.

ब्रिटनमध्ये गाडीचा वार्षिक विमा महिन्याच्या हप्त्यांत भरण्याची पद्धत रूढ आहे. पण तोही बहुतेक वेळा कर्जाचाच करार असतो आणि त्यावर व्याज लागतं. साधारणपणे पहिला हप्ता मोठा घेतात, त्याला डिपॉझिट म्हणतात. ‘नो डिपॉझिट’ म्हणजे काय तर पहिला हप्ता इतरांइतकाच. फुकट काही नाही. तिथल्या वित्तीय नियामकाने तर २०२४ मध्ये या हप्ता-कर्जांची बाजारपेठ ग्राहकांना रास्त वागवते का, याची पाहणी हाती घेतली. अमेरिकेत महिन्याच्या महिन्याला प्रीमियम घेणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत, पण पहिल्या महिन्याचे पैसे आल्याशिवाय संरक्षण सुरू होत नाही.

थोडक्यात, देश कोणताही असो, पहिल्या दिवसाची जोखीम कोणी फुकट घेत नाही. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा.

प्रीमियममध्ये असतं काय?

आता आपल्या गाडीकडे येऊ. प्रीमियमचे दोन मुख्य भाग असतात.

थर्ड पार्टी : आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, मृत्यू झाला किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ नुसार हा भाग सक्तीचा आहे. तो नसेल तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी ₹२,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ₹४,०००. याचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे कंपनी कोणतीही घ्या, रक्कम तीच. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात खासगी मोटारीचे वार्षिक दर असे आहेत : १००० सीसीपर्यंत ₹२,०९४, १००० ते १५०० सीसी ₹३,४१६ आणि त्यापुढे ₹७,८९७.

ओन डॅमेज : आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी. हा भाग कायद्याने सक्तीचा नाही आणि त्याचे दर कंपनीगणिक बदलतात. घासाघीस, तुलना, सवलत, जे काही करायचं ते याच भागात.

१ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, दुचाकीला पाच वर्षांचा. त्यामुळे काही पालकांचा समज होतो की तीन वर्षं आता काही बघायला नको. पण ओन डॅमेजची मुदत साधारण एकच वर्षाची असते. पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा मुलांना वाचायला लावा.

फळ्यावरचं उदाहरण

एका कुटुंबाची ११९७ सीसीची गाडी आहे. ओन डॅमेज प्रीमियम ₹८,००० धरू. तीन वर्षं क्लेम न केल्यामुळे ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळतो. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा सोयीसाठी बाजूला ठेवू.

ओन डॅमेज : ₹८,००० – ₹२,८०० = ₹५,२००
थर्ड पार्टी : ₹३,४१६
बेरीज : ₹८,६१६
जीएसटी १८ टक्के : ₹१,५५१
एकूण : ₹१०,१६७

आता ही रक्कम भरण्याच्या दोन रीती तपासू.

रीत पहिली, हप्ता नंतर. क्रेडिट कार्डवर १२ महिन्यांचे हप्ते केले, व्याज घटत्या शिलकीवर वार्षिक १५ टक्के, प्रक्रिया शुल्क ₹१९९ असं धरू. हप्ता येतो सुमारे ₹९१८. वर्षाचं व्याज सुमारे ₹८४५, त्या व्याजावर जीएसटी ₹१५२, शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून ₹२३५. एकूण गेले सुमारे ₹११,३९९. महिन्याला सरासरी ₹९५०.

रीत दुसरी, हप्ता आधी. बँकेत आवर्ती ठेव उघडली आणि महिन्याला ₹८५० टाकले. वर्षअखेर ₹१०,२०० जमले, वर थोडं व्याज. प्रीमियम एकरकमी भरला.

मुलांना विचारा, दोन्हीकडे बारा हप्तेच आहेत, मग फरक कशाचा? फरक फक्त वेळेचा. आधी भरला तर ₹८५०, नंतर भरला तर ₹९५०. या पाठातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच, बाकी विसरलं तरी चालेल.

‘फक्त एक टक्का’ म्हणजे किती?

अंकगणिती श्रेढी शिकवून झाली असेल तर हे उदाहरण नक्की घ्या. ₹१२,००० चं कर्ज, दरमहा ₹१,००० मुद्दल फेडायचं, व्याज ‘महिना फक्त एक टक्का, फ्लॅट’.

फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत मूळ ₹१२,००० वरच व्याज. वर्षाचं व्याज झालं ₹१,४४०.

पण आपल्याकडे पूर्ण ₹१२,००० होते कुठे वर्षभर? शिल्लक अशी उतरत जाते : १२,०००, ११,०००, १०,००० … १,०००. ही श्रेढी आहे. बेरीज = १२/२ × (१२,००० + १,०००) = ७८,०००. प्रत्येक महिन्याच्या शिलकीवर एक टक्का घेतला असता तर व्याज झालं असतं फक्त ₹७८०. सरासरी शिल्लक ₹६,५००, त्यावर ₹१,४४० म्हणजे वर्षाला सुमारे २२ टक्के!

सांगितलं बारा, पडलं बावीस. ‘श्रेढीचा उपयोग काय सर?’ या प्रश्नाचं उत्तर मुलांना इथे मिळतं. कोणतंही हप्त्याचं कर्ज घेताना “दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर?” हा एक प्रश्न विचारायची सवय त्यांना लावा.

नव्या गाडीचा लपलेला हप्ता

शोरूममध्ये ‘ऑन-रोड किंमत’ सांगतात, त्यात विमाही असतो. तो कर्जातच घातला तर खिशातून काही जात नाही, म्हणून बरं वाटतं. आता हिशेब बघा. विम्याचे ₹४०,००० सात वर्षांच्या कर्जात ९ टक्क्यांनी घातले, तर त्या रकमेवरचं व्याजच सुमारे ₹१४,००० होतं. ओन डॅमेज विमा वर्षात संपतो, थर्ड पार्टी तीन वर्षांत, आणि त्यांचे हप्ते सात वर्षं चालतात. जमत असेल तर विम्याचे पैसे वेगळे भरावेत. शिवाय विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नसते, दुसरीकडचा भाव आणून तुलना करता येते.

प्रीमियम कमी करायच्या खऱ्या वाटा

१. मुदत तुटू देऊ नका. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर तो जातो. आपल्या उदाहरणात बोनस गेला तर प्रीमियम ₹१३,४७१ होतो, म्हणजे ₹३,३०४ जास्त. इथे एक गैरसमज दूर करा : हे ९० दिवस फक्त बोनस टिकवण्यासाठी आहेत. त्या काळात गाडीला संरक्षण नसतं.

२. छोटा क्लेम करताना वजाबाकी करा. बंपरच्या ओरखड्याचं बिल ₹३,००० आलं. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले ₹१,००० आपणच सोसायचे असतात. उरले ₹२,०००. आणि त्यासाठी पुढच्या वर्षीचा बोनस घालवायचा! मुलं स्वतःच सांगतील, क्लेम करू नका.

३. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकून नवी घेतली तर तो सोबत नेता येतो. कंपनीकडून तसं पत्र मागून घ्या.

४. गाडी कमी फिरते का? जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने ‘जेवढं चालवाल तेवढं भरा’ अशा प्रकारच्या योजनांना परवानगी दिली. शाळा गावात, गाडी फक्त सुट्टीत बाहेर पडते, अशा घरांनी हे जरूर विचारावं.

५. नको ती जोड-कव्हर काढा. दहा वर्षांच्या गाडीला कोणती उपयोगाची, ते एकेक करून तपासा.

आणि धोक्याची वाट कोणती? आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, मुद्दाम खूप कमी लावणं. प्रीमियम थोडा उतरतो खरा, पण गाडी चोरीला गेली तर भरपाई त्या कमी किमतीवरच मिळते.

पण पैसेच नसतील तर?

हा प्रश्न खरा आहे आणि तो वर्गात टाळू नये. फी, दवाखाना, पेरणी, सगळं एकाच महिन्यात येतं. आवर्ती ठेव पुढच्या वर्षी उपयोगी, यंदाचं काय? अशा वेळी क्रम असा ठेवावा.

आधी पतसंस्था. पगारदारांच्या, शिक्षकांच्या पतसंस्थेतलं छोटं कर्ज हे जाहिरातीतल्या हप्त्यांपेक्षा स्वस्त पडतं का, ते बघा. दर कोणत्या पद्धतीने लावतात, हा प्रश्न तिथेही विचारायचाच. कार्ड असेल आणि बिलाची तारीख येईपर्यंत पूर्ण पैसे नक्की जमणार असतील, तर कार्डाने भरून बिल एकरकमी फेडणं हा बिनव्याजी मार्ग आहे. ते जमणार नसेल तर घटत्या शिलकीवरचा, कमीत कमी महिन्यांचा हप्ता घ्यावा.

आणि तेही शक्य नसेल, तर निदान थर्ड पार्टी विमा मुदतीच्या आत घ्यावा. आपल्या उदाहरणात तो जीएसटीसह ₹४,०३१ ला पडतो. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर मात्र आधी कर्जाचा करार वाचा, पूर्ण विम्याची अट त्यात असू शकते. हाही विमा नसेल तर गाडी दारात उभी ठेवावी, रस्त्यावर काढू नये. दंड ₹२,००० चा, पण प्रश्न दंडाचा नाही. कुणाला धक्का लागून तो माणूस गेला किंवा कायमचा अपंग झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाला स्वतः द्यावी लागते. ती रक्कम लाखांत जाऊ शकते. आणि समोरच्या घराचाही विचार करा. त्यांचा कमावता माणूस गेलेला असतो, आणि भरपाई द्यायला आपल्याकडे काही नसतं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो या घरासाठी.

वर्गातला उपक्रम

प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या कोणत्याही वाहनाची पॉलिसी आणावी. दुचाकी, रिक्षा, टेम्पो, काहीही चालेल. नाव, पत्ता आणि क्रमांक झाकून घ्यावेत. घरी वाहन नसेल तर शेजारच्या गटात बसावं, कोणालाही कमीपणा वाटू देऊ नये. पॉलिसीतून पाच गोष्टी शोधा : थर्ड पार्टीची मुदत, ओन डॅमेजची मुदत, आयडीव्ही, बोनसचा टक्का आणि एकूण प्रीमियम. मग त्या रकमेला १२ ने भागा. आलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घरी दाखवा, “बाबा, महिन्याला एवढे बाजूला काढायचे.”

ज्यांची मुदत आधीच संपली आहे, असा एखादा कागद या उपक्रमात हमखास निघतो. तेव्हा त्या मुलाला सर्वांसमोर बोलू नका. पालकांना त्याच दिवशी फोन करा.

स्वाध्याय

१. वरच्या उदाहरणात बोनस ५० टक्के असता तर एकूण प्रीमियम किती आला असता? (उत्तर : ₹८,७५१)
२. मुदत संपायला पाच महिने आहेत आणि ₹१०,१६७ जमवायचे आहेत. दरमहा किती बाजूला काढावे लागतील?
३. ₹६,००० चं कर्ज सहा समान मुद्दल-हप्त्यांत फेडायचं आहे. महिना एक टक्का फ्लॅट आणि महिना एक टक्का घटत्या शिलकीवर, दोन्ही व्याजं काढा. (उत्तर : ₹३६० आणि ₹२१०)
४. ‘शून्य डिपॉझिट’ अशी कोणतीही एक जाहिरात घ्या. पहिल्या दिवशी पैसे कोण भरतं, ते शोधून चार ओळी लिहा.

चौथा प्रश्न पालकांनीही सोडवावा. पैसे कोण भरतं हे एकदा सापडलं, की आपण कोणाचे देणेकरी होणार आहोत, हेही कळतं. वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले, ते जरूर कळवा.